पंत बेट निवडतात

इंदापूर तालुक्यातल्या त्या साखर कारखान्याच्या कॉलनीत हंगामात पांढरं धुणं बाहेर वाळत घालायचं धाडस फक्त नव्यानं लग्न होऊन आलेली मुलगी करत असे, आणि तेही एकदाच. चिमणीतून उडालेली काजळी कपड्यांवर अशी बसायची की शर्ट परत धुवावा की काळाच म्हणून वापरावा, असा प्रश्न पडे. इंदिराबाईंनी तो अनुभव लग्नाच्या पहिल्याच वर्षी घेतला होता. तेव्हापासून धुणं घरात, पापड मे महिन्यात आणि ऊन खिडकीच्या गजांतून येईल तेवढं, अशी त्यांच्या संसाराची वाटणी ठरून गेली होती. खिडकीतून दिसायचा तो ऊस. पुढच्या दारातून ऊस, मागच्या दारातून ऊस, गच्चीवर चढलं तर एका बाजूला लासुर्ण्याचा ऊस आणि दुसऱ्या बाजूला कळंबचा ऊस. माणसापेक्षा उंच पीक चहूबाजूंनी उभं असलं की नजरेला लांब जायची सवयच राहत नाही.

एकदा मेथी निवडता निवडता त्या नवऱ्याला म्हणाल्या, “मला एकदा समुद्र बघायचाय. चारी बाजूंनी. एखाद्या बेटावर जाऊ या की दोन दिवस. स्वच्छ ऊन असेल, काजळी नसेल आणि लांबचं दिसेल.”

बाईंचं चुकलं ते इथंच. शेजारणीला सांगितलं असतं तर वर्षभरात जाऊन आल्या असत्या. पण त्यांनी दत्तोपंतांना सांगितलं आणि दत्तोपंतांनी ते मनावर घेतलं. दत्तोपंतांनी एखादी गोष्ट मनावर घेतली की ती होण्याचं थांबायचं आणि तिचा विचार सुरू व्हायचा.

दत्तोपंत कारखान्याच्या शेती खात्यात हेडक्लार्क होते. कुणाच्या उसाला कधी तोड द्यायची हे साहेब ठरवत, पण साहेबांनी काय ठरवलंय ते पंतांच्या टेबलावरून कळे. माणसाचा देव व्हायला एवढं पुरतं. ऊस वेळेत तुटला नाही तर वजन घटतं आणि रान अडकून पडतं, म्हणून भलेभले बागाईतदार पंतांसमोर टोपी हातात घेऊन उभे राहत. “पंत, बसा की. पंत, च्या घ्या की.” पंतांना पंतांच्याच खुर्चीत बसायचा आग्रह होई. अडला हरी गाढवाचे पाय धरी, ही म्हण पंतांना पाठ होती. तिच्यात आपण नेमके कोण, याचा विचार मात्र त्यांनी कधी केला नव्हता.

हंगाम संपला, कारखान्याचा पट्टा पडला, की हे सगळं एका दिवसात बंद होई. कालपर्यंत सायकलवरून उतरून रामराम घालणारा माणूस आज घंटीसुद्धा न वाजवता शेजारून निघून जाई. मग पंत पावसाळाभर तोंड पाडून बसत. त्यांना वाटायचं, लोक कृतघ्न झालेत. लोक तसेच होते, फक्त त्यांचा ऊस तुटलेला होता.

तर बेटाचा विचार सुरू झाला. त्याला निमित्त आणखी एक होतं. पंतांचा मुलगा स्वानंद पुण्याला एका कंपनीत होता आणि त्या कंपनीला शनिवार-रविवार दोन्ही दिवस सुट्टी असायची. तो घरी आला की ‘वीकएंड’ हा शब्द घेऊन यायचा. पंतांना तो शब्द पहिल्या दिवशी पटला नाही. “आठवड्याला शेवट कसला आलाय? ऊस काय रविवारी वाढायचा थांबतो?” असं त्यांनी मुलाला विचारलं. पण मुलगा पुण्याला परत गेला आणि दोन दिवसांत पंत ऑफिसात सांगायला लागले, “आम्ही एका वीकएंडला बेटावर जाणार आहोत. उन्हाचं बेट. निवड चालू आहे.”

निवड चालू आहे, हे ब्याण्णव सालच्या हंगामात सांगितलं. त्र्याण्णवच्या हंगामातही ती चालूच होती.

इंदिराबाई अधूनमधून एखादं नाव पुढं सरकवायच्या. कधी जिना झाडताना, कधी आमटी वाढताना.

“घारापुरी?”

“तिथं शाळांच्या सहली जातात. या वयात मी रांगेत उभा राहून चिक्की खाऊ?”

“अलिबागला समुद्रातला किल्ला आहे म्हणतात.”

“ओहोटीला तिथं चालत जाता येतं. म्हणजे अर्धा दिवस बेट, अर्धा दिवस नाही. हे सीझनल झालं. आपल्याला परमनंट बेट पाहिजे.”

“दीव?”

“दीवला माणसं कशाला जातात, ते मला तोंडानं सांगायला लावू नकोस.”

“मग अंदमान तरी.”

“दोन दिवसांत अंदमान? लासुर्ण्याचा बाजार वाटला का तुला?”

मालवणचा किल्ला त्यांना पसंत पडला होता. चांगला महिनाभर ते मालवणबद्दल बोलत होते. तेवढ्यात बॉयलरवरचा एक फिटर सासुरवाडीला गेला असता सहज तो किल्ला बघून आला आणि त्यानं ते कँटीनमध्ये सांगितलं. त्याच संध्याकाळी पंतांनी मालवण खोडलं. कारण विचारलं तर म्हणाले, तिकडं हल्ली फार गर्दी असते. एका फिटरची गर्दी.

इंदिराबाई मुकाट्यानं बघत होत्या आणि त्यांना गणित कळत चाललं होतं. ऊन पाहिजे, दोन दिवसांत जाऊन येता आलं पाहिजे, जेवण आपल्यासारखं मिळालं पाहिजे, या पंतांच्या बोलून दाखवलेल्या अटी. न बोललेली अट एकच होती. कारखान्यातलं कुणी तिथं आधी गेलेलं नसलं पाहिजे. पंतांना समुद्र बघायचा नव्हता. ‘आम्ही जाऊन आलो’ हे सांगताना समोरच्याचं तोंड कसं होतं ते त्यांना बघायचं होतं, आणि ते तोंड बघायला बेटावर जायची काहीच गरज नव्हती. ते नुसतं निवड चालू ठेवूनही दिसत होतं.

त्यातून एखादं बेट उरलंच, तर तारखेचं घोडं पेंड खायचं. हंगाम चालू असला की पंतांना हलता येत नसे, कारण पंत हलले तर तोडणीचा कार्यक्रम कोलमडेल, अशी त्यांची खात्री होती. हंगाम संपून सवड मिळेपर्यंत पाऊस तोंडावर यायचा आणि होड्या बंद व्हायच्या. मधे मे महिन्याचे चार दिवस रिकामे असत, तर पंत म्हणत, “मे महिन्यात कुणी उन्हाच्या बेटावर जातं का? ऊन इथं काय कमी आहे?” पावसाळ्यात होडी नाही, हिवाळ्यात रजा नाही, उन्हाळ्यात ऊन. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. इथं तर नवरदेवच मांडवाची एकेक मेढ उपटत होता.

बाजीराव शेजारच्या क्वार्टरमध्ये राहायला आले ते याच सुमारास. कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट. शांत माणूस, कामापुरतं बोलणारा. घरात त्यांची आई पुतळाबाई आणि ते, एवढीच माणसं. समोरच्या भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली उदबत्तीचं घर. पंत जातपात मानत नसत. तसं ते स्वतःच सांगत आणि कुणी न विचारता सांगत. बाजीरावांकडचा चहा घ्यायला त्यांची कधीच हरकत नव्हती. फक्त नेमके तेव्हाच ते कुठूनतरी चहा घेऊन आलेले असत. इंदिराबाई मात्र पहिल्याच आठवड्यात पुतळाबाईंच्या ओट्यावर बसून शेंगा फोडायला लागल्या होत्या.

एक दिवस बाजीराव पंतांकडं आले. “पंत, आईला समुद्र दाखवायचाय. तुमचा अभ्यास हाय म्हणून इचारतो. शनवार-रविवारात जमंल असं एखादं बेट सांगा.”

अभ्यास हा शब्द ऐकून पंतांचा जीव सुखावला. त्यांनी बाजीरावांना समोर बसवलं आणि जंजिरा सांगितला. पुण्याला गाडी बदलायची, मुरूडला उतरायचं, राजपुरीच्या धक्क्यावर जायचं, तिथं शिडाच्या होड्या लागतात. किल्ल्याच्या पोटात गोड्या पाण्याचे तलाव आहेत. बुरूज इतके, तोफा अशा. जंजिरा हे त्या वेळी पंतांचं जवळजवळ ठरलेलं बेट होतं, आणि सांगण्याच्या भरात आपण ते दुसऱ्याच्या पदरात घालतोय हे त्यांच्या लक्षात आलं नाही. शेवटी ते म्हणाले, “तुम्हाला चालण्यासारखं आहे ते. पण हंगामात तुम्हाला रजा कोण देणार?”

“रजा कशाला? पाळी बदलून घेतो. लॅबातल्या आप्पांच्या पोरीच्या साखरपुड्याला त्यांच्या पाळ्या मी केल्या हुत्या. आता ते माझ्या करतील.”

पंत थक्क झाले. पाळी बदलून घेणं म्हणजे आपलं काम दुसऱ्यालाही येतं हे कबूल करणं. इतका लाचार माणूस त्यांनी पाहिला नव्हता.

बाजीराव शुक्रवारी आईला घेऊन गेले आणि सोमवारी पाळीवर हजर झाले. कारखाना चालू होता. साखरेचा रंगसुद्धा बदलला नव्हता.

पुतळाबाईंचं वय सत्तरीचं, पण त्या दुपारी त्या इंदिराबाईंच्या पायरीवर पोरीसारख्या पाय पसरून बसल्या. इंदिराबाईंनी विचारलं, “कसा होता समुद्र?”

“कसा म्हंजी, लई मोटा हाय,” पुतळाबाई म्हणाल्या. “आपलं उजनीचं पाणी बगताना मनात येतंच बगा, हितं खाली कुणाचं तरी रान हाय, कुणाचं तरी घर हाय. ह्येच्याखाली कुणाचं कायबी न्हाय. मोकळ्या मनानं बगाया येतं.”

“आणि होडीत भीती नाही वाटली?”

“भीती कसली? दाटीवाटीनं बशिवलं समद्यांस्नी. कुणाच्या मांडीला कुणाची मांडी. येका बाईनं मला लाडू दिला, म्या तिला शेंगा दिल्या. तुमी कुणाच्या, कुठल्या आळीच्या, कुणी कायसुदिक इचारलं न्हाय. माझ्या माहेरात हिरीवर गेलं तर पाण्याआदी तेच इचारायचे.” मग म्हणाल्या, “मला परत जायाचंय. लगीच न्हाय, पर जायाचंय.”

इंदिराबाईंना त्या दिवशी मत्सर वाटला. साधा, सरळ मत्सर. भांडी घासताना, देवापुढं दिवा लावताना, नवऱ्याला ताक वाढताना तो वाटत राहिला. आणि त्यांना हेही कळलं की आपण समुद्राची वाट बघत नसून या माणसाच्या होकाराची वाट बघतोय, आणि पायांत चढण्या-उतरण्याची ताकद आहे तोवर हा होकार काही येणार नाही.

रात्रीच्या जेवणाला पंत म्हणाले, “जंजिरा रद्द.”

“का?”

“तिथं आता काय राहिलंय?”

“समुद्र,” इंदिराबाई म्हणाल्या.

पंतांना हे उत्तर उद्धट वाटलं. ते पानावरून उठले आणि पुढचे दहा महिने लक्षद्वीपच्या परवान्यांबद्दल बोलत राहिले.

पुढच्या हंगामात, जानेवारीत, इंदिराबाईंनी घरातल्या दोरीवरचा परकर काढता काढता जाहीर केलं, “मी पुढच्या शुक्रवारी जंजिऱ्याला जाणार आहे. पुतळाबाईंबरोबर. त्यांना परत जायचंय आणि मला एकदा.”

पंतांनी आधी ते हसण्यावारी नेलं. मग रागावून बघितलं. मग उपवास करून बघितला, पण साबुदाण्याची खिचडी झाल्यामुळं त्याचा परिणाम झाला नाही. इंदिराबाई बॅग काढून तिला ऊन दाखवत होत्या. तेव्हा पंतांच्या डोळ्यांसमोर कॉलनी उभी राहिली. दत्तोपंतांची बायको पुतळाबाईंबरोबर गेली, एका होडीत बसून, एका डब्यातलं खाऊन, आणि दत्तोपंत घरी कालवणाला फोडणी घालत बसले. हे त्यांना झेपण्यासारखं नव्हतं. बायको समुद्र बघायला जाते याचं त्यांना काही नव्हतं. ती कुणाबरोबर जाते याचं होतं. दुसऱ्या दिवशी ते रजेचा अर्ज टाकून आले आणि घरात येऊन म्हणाले, “मीच नेणार होतो. आश्चर्याचा धक्का द्यायचा होता.”

पुतळाबाईंना हे कळलं तेव्हा त्या इंदिराबाईंना एवढंच म्हणाल्या, “जावा तुमी दोगं. मी माजी जाईन पोराबरूबर. पर येक सांगते, रागावू नगा. सरड्याची धाव कुंपणापतूर. कुंपण सुटलं की त्येला संबाळा.”

शुक्रवारी पहाटे पंत सफारी घालून निघाले. कॉलनीच्या फाट्यावर एसटीची वाट बघत असताना कळंबचे गेणबा भेटले. पंतांच्या टेबलासमोरचे जुने उभे राहणारे. त्यांनी हात जोडले. “पंत, तुमी चालला तर आमच्या उसाचं कसं वो?”

पंतांनी बायकोकडं बघितलं. ती नजर अशी होती की बघ, ऐक, हे असं असतं. ते म्हणाले, “काय करणार गेणबा, घरच्यांचा हट्ट. पण तुमचं काम अडत असेल तर मी अजूनही...”

“न्हाय न्हाय, अडलं कुठं?” गेणबा गडबडीनं म्हणाले. “तोडीची चिठ्ठी कालच धाडली हापिसातल्या पोरांनी. टोळी आत्ता फडात शिरली बी आसंल. म्या आपलं रीत म्हणून इचारलं.”

एसटी आली. पंत खिडकीशी बसले आणि भवानीनगर येईपर्यंत बाहेरचा ऊस बघत राहिले.

बारामतीपर्यंत तसं ठीक चाललं. स्टँडवर एका तंबाखूवाल्यानं नमस्कार केला, एका संचालकाच्या मेहुण्यानं “काय पंत, कुठं?” म्हणून विचारलं. पंतांनी दोघांनाही बेट, होडी, तोफ असं सगळं सांगितलं. मोरगावला एकानं हात वर केला, तो पंतांना होता की कंडक्टरला हे कळलं नाही. जेजुरीला नुसतंच कुणीतरी त्यांच्याकडं बघितलं. दिवे घाट उतरताना पंतांनी इंदिराबाईंना विचारलं, “या बाजूला ऊस कुणाच्या हद्दीत येतो गं?” इंदिराबाईंना ते माहीत नव्हतं आणि ऊसही नव्हता. पुण्याला स्वारगेटवर एक हमाल डोक्यावर गोणी घेऊन आला आणि पंतांना म्हणाला, “ए काका, वाटंतनं हटा.” पंत हटले. पुढं मुरूडपर्यंत त्यांनी तीनदा सांगितलं की त्यांची तब्येत बरोबर नाही.

इंदिराबाईंना त्यांची दया आली. खरोखर आली. गेली कित्येक वर्षं आपण ज्याला आडमुठेपणा समजत होतो ती भीती होती, हे त्यांना त्या गाडीत बसून दिसत होतं. पाण्याची भीती असती तर त्यांनी समजूत काढली असती. पण कारखान्याच्या हद्दीबाहेर आपण कुणी नाही या भीतीला काय औषध द्यायचं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. दया येत होती आणि तिच्या बुडाशी रागही होता. या भीतीपायी त्यांची स्वतःची नजर इतकी वर्षं खिडकीच्या गजांत अडकून पडली होती.

शनिवारी सकाळी ते राजपुरीच्या धक्क्यावर पोचले. ऊन लख्ख पडलेलं होतं आणि समोर पाण्यात किल्ला उभा होता, पंतांनी वारंवार वर्णन केला होता तसाच. इंदिराबाई नुसत्या बघत राहिल्या. पंत मात्र होडीवाल्याशी बोलायला पुढं झाले.

“आम्ही बारामतीकडून आलो. मी तिकडं साखर कारखान्यात शेती खात्याचा हेडक्लार्क आहे.”

“बरं,” होडीवाला म्हणाला. “पायरी बुळबुळीत आहे, जपून.”

पंतांना वाटलं, त्याला ऐकू गेलं नसावं. त्यांनी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं. होडीवाला एका बाईच्या हातातलं मूल उचलून आत देत होता. तो न बघता म्हणाला, “आजोबा, मागं गर्दी होतेय. आत या.”

“पण मी बसू कुठं?”

“कुठंपण बसा.”

पंत तिथंच थबकले. त्यांना आजवर खुर्ची मिळाली होती, बाक मिळालं होतं, बैलगाडीच्या साट्यावर अंथरलेली घोंगडी मिळाली होती. कुठंपण बसा असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. होडीत कॉलेजातली मुलं होती, डोक्यावरून पदर घेतलेल्या म्हाताऱ्या होत्या, मासळीची टोपली घेतलेली एक बाई होती. तिच्या शेजारी वीतभर जागा होती आणि ती सरकून आणखी थोडी करत होती. पंतांनी त्या जागेकडं बघितलं आणि एक पाऊल मागं घेतलं.

“सामान कोण बघणार?” ते म्हणाले. “तू जा. मी थांबतो.”

बॅग मुरूडला मुक्कामाच्या खोलीवर होती, सामान म्हणजे एक पिशवी होती. तिच्यात पंतांचा स्वेटर आणि दशम्या होत्या. इंदिराबाईंना ती मांडीवर सहज घेता आली असती. तसं त्या बोलणारही होत्या. पण होडीवाल्यानं हात पुढं केला, त्यांनी तो धरला आणि त्या वीतभर जागेत जाऊन बसल्या. शीड वाऱ्यानं भरलं तेव्हा त्यांनी मागं वळून बघितलं नाही.

किल्ल्यात माहिती सांगणारा माणूस तोफा दाखवत होता, राजांची आणि नवाबांची नावं घेत होता. इंदिराबाई त्याच्यामागून गेल्या नाहीत. तोफांची नावं त्यांना घरीच पाठ झाली होती. गुडघ्यावर हात रोवत त्या हळूहळू तटावर चढल्या आणि वर उभ्या राहिल्या. पुढं पाणी होतं. उजवीकडं पाणी, डावीकडं पाणी, आणि ते इतकं लांब जात होतं की शेवटी पाणी कुठलं आणि आभाळ कुठलं ते कळत नव्हतं. ऊन अंगावर पडत होतं. त्यांनी मुद्दाम पांढरं लुगडं नेसलं होतं. पदर हातावर पसरून त्यांनी नीट बघितला. एक कण नव्हता. मग तिथं कुणी नाही असं बघून त्या थोडं रडल्या आणि डोळे पुसून परत बघायला लागल्या, कारण होडीची वेळ ठरलेली होती.

चौथ्या बाजूला, धक्क्यावर, एक बदामी रंगाचा ठिपका होता. तो सफारी होता. इंदिराबाईंना वाटलं होतं, त्याच्याकडं बघून आपल्याला वाईट वाटेल. वाटलं नाही. उलट बरं वाटलं. हा माणूस इथं असता तर आत्ता तटाची उंची सांगत असता. आपल्याला बरं वाटलं याचं त्यांना वाईट वाटलं, पण तेही थोडंच.

होडी परत धक्क्याला लागली तेव्हा पंत एकटे नव्हते. त्यांना माणूस सापडला होता. माळशिरसकडचा एक बागाईतदार, कुटुंब घेऊन आलेला, होडीच्या पाळीसाठी थांबलेला. पंत समुद्राकडं पाठ करून बसले होते आणि तोंड भरून बोलत होते, “सातशे चाळीस जातीचा ऊस लावत असाल तर तोडीची घाई करू नका. माझं ऐका.” बागाईतदार मान डोलवत होता, पण त्याचं लक्ष होडीकडं होतं. होडी लागताच तो पंतांचं वाक्य अर्धवट टाकून पोरांना गोळा करायला पळाला.

“बघितलंस?” पंत इंदिराबाईंना म्हणाले. चेहऱ्यावर दोन दिवसांत पहिल्यांदा रंग आला होता. “इथंसुद्धा लोक विचारतात. चला, बेट झालं. छान झालं. आता पुढच्या वर्षी मी जरा वेगळं...”

“तुम्ही निवडू नका,” इंदिराबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. “तुम्हाला कुठंही आणलं तरी तुम्ही कॉलनीतच बसलेले असता. इतकी वर्षं मी तुमच्यासाठी थांबले, ते उगीच थांबले. यापुढं मला जायचं असेल तेव्हा मी जाईन. पुतळाबाईंबरोबर जाईन, नाहीतर एकटी जाईन.”

 पंतांच्या मागं समुद्र होता, त्याच्यावर शिडं होती आणि ऊन होतं, आणि त्यांनी अजून एकदाही वळून बघितलं नव्हतं. ते खूप वेळ विचार करत होते. इंदिराबाईंना क्षणभर वाटलं, हा माणूस आता काहीतरी मनातलं बोलेल. चूक कबूल करेल, नाहीतर निदान मलाही ने म्हणेल. त्या थांबल्या.

“आणि मग,” पंत म्हणाले, “माझ्या जेवणाचं काय?”

इंदिराबाईंनी दशम्यांची पिशवी उचलून त्यांच्या हातात दिली आणि मुरूडच्या रस्त्याला लागल्या.